घरी हर्नियाचं ऑपरेशन सांगू का?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरत आली की सर्जन रुग्णाला पुढच्या तयारीबद्दल बोलायला माझ्याकडे पाठवतात. भूल किती वेळ, टाके किती, दुखेल का, हे सगळं तोवर विचारून झालेलं असतं. माझ्यासमोर बसल्यावर आवाज जरा खाली येतो आणि वेगळाच प्रश्न बाहेर पडतो : कुणाला न सांगता हे उरकता येईल का?

साताऱ्याच्या एका ताईंनी तर सगळा बेतच ठरवून आणला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चाळिशी ओलांडलेली, बँकेत नोकरी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४१ म्हणजे खूपच जास्त, मधुमेह, आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन. शस्त्रक्रिया पुण्यात, स्लीव्ह पद्धतीची, म्हणजे जठर कापून लहान करण्याची. नवऱ्याला माहीत होतं. सासूबाई, नणंद आणि बँक यांना सांगायचं होतं, हर्निया.

"लोक काय म्हणतील, मॅडम? हिला तोंडावर ताबा ठेवता आला नाही, म्हणून पोट कापून घेतलं."

त्यांनी काय केलं नव्हतं? डाएटिशियन झाले, जिम झालं, काढे झाले. वजन उतरलं आणि व्याजासकट परत आलं. हळदीकुंकवाला गेलं तरी कुणीतरी "जरा भात बंद कर गं" म्हणतंच. हे ऐकून मला आजही राग येतो. खूप वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला झटतं, भूक वाढवतं, ऊर्जा जपून वापरायला लागतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. म्हणजे पोट लहान होतं तशी भूकही बदलते. यात आळशीपणाचा संबंध येतोच कुठे?

तरीही हर्नियाचा बेत मी मान्य केला नाही.

मी त्यांना विचारलं, "हर्नियाचं ऑपरेशन करून सून घरी आली, तर सासूबाई काय करतील?" त्या पटकन म्हणाल्या, "साजूक तुपातला शिरा. मऊ भात. वर डिंकाचा लाडू." आणि गप्प झाल्या. स्लीव्हनंतर साधारण दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेलं मऊसूत, मग मऊ अन्न. नेहमीसारखं घन जेवण सहा-आठ आठवड्यांनी, तेही सर्जन आणि आहारतज्ज्ञ सांगतील तसं. जठराला आतून टाके असतात. घरातल्या बाईने मायेने भरवलेला घास तिथे त्रास देऊ शकतो, आणि तिला खरं माहीत नसेल तर "नको" कोणत्या तोंडाने म्हणणार?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अनुभवी हातांत ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे, पण क्वचित टाक्यांच्या जागी गळती होते किंवा पायात रक्ताची गुठळी होते. ताप, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणं, बसल्या जागी १२० च्या वर गेलेली नाडी, धाप, पोटरी सुजून दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या. यातलं काहीही झालं तर त्याच वेळी सर्जनच्या टीमला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. घरच्यांना हर्निया माहीत असेल तर ते "गॅस झाला असेल" म्हणून ओवा देतील आणि सकाळची वाट बघतील.

कुणाला सांगायचं याचं माझं मोजमाप सरळ आहे. पहिले सहा आठवडे जो तुमचा स्वयंपाक करणार आणि रात्री दोन वाजता जो गाडी काढणार, त्याला सगळं खरं माहीत असलं पाहिजे. तुम्हाला तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरलाही, कारण पुढे कुणी दातदुखीसाठी साधी वेदनाशामक गोळी लिहून दिली तरी ती या जठराला मानवेलच असं नाही. बाकी कुणाला सांगायचं हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. बँकेत "पोटाची शस्त्रक्रिया" एवढं सांगितलं तरी ते खोटं ठरत नाही.

पुढच्या भेटीला सासूबाई आल्या. चेहरा कडक. मी सर्जनने दाखवलं तेच त्यांना दाखवलं : दवाखान्यातला औषध मोजायचा पेला, ३० मिलीचा. त्यात पाणी ओतलं आणि म्हटलं, "आजी, सुरुवातीला एका वेळी एवढंच. तेही घोट घोट, पंधरा मिनिटं लावून." त्यांनी पेला हातात घेऊन उजेडात धरला.

"एवढ्यात माणूस जगतं होय? म्हणजे हिला उपाशी ठेवायचं आणि मी बघत बसायचं?"

हा प्रश्न मला त्या दिवसातला सर्वांत खरा वाटला. चाळीस वर्षं ज्यांनी माया ताटातूनच वाढली, त्यांना "काही देऊ नका" सांगितलं तर त्यांचं कामच काढून घेतल्यासारखं होतं. म्हणून आम्ही त्यांना काम दिलं. वरणाचं पाणी गाळून, पातळ ताक वस्त्रगाळ करून, भाज्यांचं सूप गाळून. प्रथिनांची पावडर गुठळी न होता घोळवणं. दिवसभरात किती घोट गेले ते वहीत लिहिणं. पुढे रोज ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं जायला हवीत आणि घर शाकाहारी, म्हणून पनीर, दही, मूग, डाळ यांची गणितं त्या आहारतज्ज्ञांकडून स्वतः लिहून घेऊ लागल्या. जेवताना पाणी नाही, मध्ये अर्धा तास जाऊ द्यायचा, हे सुनेला नंतर त्याच बजावत असत.

शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार असतो. यकृत आकसावं, सर्जनला आत काम करायला जागा मिळावी म्हणून. शेवटची मेजवानी करून घेऊ, असा मोह याच दिवसांत होतो, तो टाळावा. मधुमेहाची औषधं याच काळात आणि शस्त्रक्रियेनंतर कमी करावी लागू शकतात. ताईंच्या यजमानांना आम्ही घाम, थरथर, डोकं हलकं होणं ही साखर उतरल्याची खूण समजावली.

दवाखान्यातला मुक्काम सहसा दोन-तीन दिवसांचा. सामानात सीपॅप मशीन हवंच, भुलीनंतरच्या पहिल्या रात्री श्वासासाठी त्याची गरज जास्त असते. जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी, समोरून उघडणारा सैल गाऊन, न वाकता घालता येतील अशा चपला, सुकलेल्या ओठांना लावायला बाम, लांब वायरचा चार्जर. त्याच संध्याकाळी उठवून चालवतात, हे सोबत राहणाऱ्याला आधी सांगून ठेवा. नाहीतर "अहो, आत्ताच तर ऑपरेशन झालंय तिचं" म्हणून तोच नर्सशी वाद घालतो. चालणं आणि श्वासाचे व्यायाम हे गुठळी आणि छातीतला कफ टाळण्यासाठी असतात.

सर्जनने पहिले काही दिवस पुण्यातच राहायला सांगितलं, तेव्हा पुण्यातल्या नणंदेला सांगावंच लागलं. ती एवढंच म्हणाली, "वहिनी, आधी का नाही बोललीस?" परतीच्या प्रवासात पोट आणि सीटबेल्टमध्ये उशी, आणि शिरवळला उतरून थोडं चालणं.

घरी गेल्यावर ताईंचा मला फोन आला. आवाज भरलेला. सासूबाई सगळ्यांसाठी थालीपीठ लावत होत्या आणि या बाथरूममध्ये जाऊन रडल्या होत्या. "मॅडम, मी हे काय करून बसले?"

हा क्षण बहुतेकांच्या वाट्याला येतो, आणि तो येणार हे मी आधीच सांगते. आनंदात, दुःखात, कंटाळ्यात जे जवळ असायचं ते खाणं अचानक काढून घेतलेलं असतं, अंगात त्राण नसतं, वजन अजून फारसं हललेलं नसतं. पश्चात्ताप वाटला म्हणजे निर्णय चुकला असं नाही. काही दिवस घरचे जेवायला बसले की ताई गच्चीत फेऱ्या मारत. पुढे आपली वाटी घेऊन पानाला बसू लागल्या. पण उदासी आठवडेच्या आठवडे हटली नाही, झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर ते "व्हायचंच" म्हणून सोडून देऊ नये, लगेच कळवावं. दारूपासूनही लांब राहावं. या शस्त्रक्रियेनंतर ती लवकर चढते आणि खाण्याची जागा घेऊ शकते.

श्रावण आला. दरवर्षी ताई सोमवार करायच्या, साबुदाण्याच्या खिचडीवर. मी विषय काढायच्या आत सासूबाईंनी कळवलं होतं, या वर्षी उपवास नाही, महादेव समजून घेईल. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तेव्हा ताई घाबरल्या. शस्त्रक्रियेचा ताण आणि झपाट्याने उतरणारं वजन यामुळे असं होतं आणि सहसा काही महिन्यांत थांबतं. प्रथिनं, लोह आणि गोळ्या चुकत नाहीत ना, एवढं आम्ही पडताळलं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे आता कायमचं, रक्ततपासणीसकट.

लग्नकार्यात कुणी "काय केलंस गं?" विचारलं की ताई "खाणं बदललं" म्हणून विषय संपवतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. पण गुडघे आणि साखर दोन्हींनी बेजार झालेल्या शेजारणीला त्यांनी सगळं सांगितलं आणि माझा नंबर दिला. शेजारणीने फोनवर विचारलं, पहिल्या भेटीला नवऱ्याला आणू की बहिणीला? मी म्हटलं, घरी स्वयंपाक कोण करतं, त्यांना आणा.