हिमनगांची माघार? ‘आइस शेल्फ रिट्रीट’ला मराठीत काय म्हणावं

प्रश्न असा : “‘उपग्रहांनी टिपली ध्रुवीय हिमनगांची माघार’ असा मथळा वाचला. मूळ बातमी आइस शेल्फबद्दल होती. आइस शेल्फला हिमनग म्हणता येतं का? आणि रिट्रीटला माघार हा शब्द बसतो का?”

हिमनग तर नाहीच. माघार एक वेळ चालेल, पण ती कोणी घेतली ते सांगावं लागतं, आणि मथळ्यात नेमकं तेच राहून गेलंय.

आधी नामांची सोय लावू. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर सरासरी दोनेक किलोमीटर जाडीचा बर्फ साचलेला आहे, ती हिमचादर. तिच्यातून उताराला लागलेले प्रवाह म्हणजे हिमनद्या. हा बर्फ किनाऱ्याशी येऊन थांबत नाही. तसाच पुढे समुद्रावर पसरतो, तरंगायला लागतो, पण मागच्या बाजूने जमिनीवरच्या बर्फाला जोडलेला राहतो. हा जोडलेला आणि तरंगता भाग म्हणजे आइस शेल्फ. जाडी काहीशे मीटर. आकाराचं म्हणाल तर एकटा रॉस आइस शेल्फ महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा. त्याच्या कडेचा तुकडा तुटून मोकळा झाला की तो हिमनग. आइस शेल्फला हिमनग म्हणणं म्हणजे झाडावरच्या फांदीला सरपण म्हणण्यासारखं आहे. समुद्राचं पाणीच गोठून होणारा मीटर-दोन मीटर जाडीचा थर हा आणखी वेगळा प्रकार, तो सागरी बर्फ. ‘हिमखंड’ हा शब्द बातम्यांमध्ये या सगळ्यांसाठी वापरतात, म्हणून तो कशासाठीच उपयोगाचा राहिलेला नाही.

(जाता जाता : संस्कृतात ‘नग’ म्हणजे ‘न जाणारा’, अर्थात डोंगर. लार्सन-सी आइस शेल्फमधून जुलै २०१७मध्ये सुटलेला सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा ए-६८ हा हिमनग २०२०च्या अखेरीस दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ पोचला होता. न जाणाऱ्याच्या मानाने बराच गेला. पण शब्द रुळलाय, त्याला हात लावू नये.)

मग आइस शेल्फला काय म्हणायचं? ‘हिमफळी’ म्हटलं की फ्रीजमधला कप्पा डोळ्यांसमोर येतो. ‘हिमसज्जा’ मोहात पाडतो, कारण सज्जाही भिंतीतून पुढे आलेला असतो. पण सज्जाचा भार भिंत पेलते, इथे भार पाणी पेलतं. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत कॉन्टिनेंटल शेल्फसाठी ‘भूखंडमंच’ रूढ आहे (जोडीला ‘समुद्रबूड जमीन’ हा झकास शब्दही आहे). त्याच घरातला ‘हिममंच’ घ्यावा. मंच म्हटलं की खाली खांब असल्याचा भास होतो हा आक्षेप खरा, म्हणून लेखात पहिल्यांदा ‘तरंगता हिममंच’ लिहावं, पुढे नुसता ‘हिममंच’.

जमीन आणि हिममंच यांतला फरक आपल्याला किती जवळचा आहे ते बघा. १९८३-८४ साली उभारलेलं भारताचं पहिलं ठाणं, दक्षिण गंगोत्री, हिममंचावर होतं. आपण सहज म्हणतो ‘अंटार्क्टिकाच्या भूमीवर’, पण त्या ठाण्याखाली बर्फ होता आणि बर्फाखाली समुद्र. ते हळूहळू बर्फात गाडलं गेलं आणि १९९०मध्ये सोडून द्यावं लागलं. खडकावर उभं आहे ते नंतरचं मैत्री.

आता माघार. सैन्य माघार घेतं तेव्हा सैनिक स्वतः मागे येतात. बर्फ मागे येत नाही, तो सतत समुद्राकडेच सरकत असतो. मागे जाते ती कड, कारण पुढचे तुकडे सुटून जातात. आपल्या भारती ठाण्याच्या बाजूच्या प्रिड्झ उपसागरातला एमरी हिममंच घ्या. त्याची कड दिवसाला तीन-चार मीटर, म्हणजे वर्षाला किलोमीटरहून अधिक पुढे येते. सप्टेंबर २०१९मध्ये तिथून १,६३६ चौरस किलोमीटरचा डी-२८ हा हिमनग सुटला. कड एका झटक्यात मागे गेली, आणि बातमी लिहिणाऱ्याला ‘माघार’ सुचली. पण एमरीवर असा मोठा तुकडा याआधी १९६३-६४च्या सुमारास सुटला होता. काही दशकं वाढायचं आणि एकदा तुटायचं हा त्याचा नित्यक्रम आहे. नखं कापली म्हणून बोट आखूड झालं असं कोणी म्हणत नाही. तुटल्यानंतर कड पूर्वीच्या जागी परत येण्याआधीच पुन्हा पुन्हा तुटत राहिली, तर ती माघार. म्हणजे या शब्दासाठी एक चित्र पुरत नाही, काही दशकांची मालिका लागते.

ही मालिका बनते कशी, त्यातही शब्दांचे खड्डे आहेत. ध्रुवावर सहा महिने काळोख आणि उरलेल्या काळात ढग, म्हणून नेहमीच्या कॅमेऱ्याऐवजी रडारचे उपग्रह लागतात. सेंटिनेल-१ त्यातला रोजच्या वापराचा. दर १२ दिवसांनी तोच मार्ग. चित्रावर कडेची रेघ आखायची. बर्फ वाहतो त्या दिशेच्या एकाच रेषेवर अंतर मोजलं तर फसगत होते, कारण कड वेडीवाकडी असते आणि एका जागी मागे, दुसऱ्या जागी पुढे गेलेली असते. म्हणून हिममंचाच्या आत एक आडवी रेघ कायमची ठरवतात, दोन बाजूही ठरवतात, आणि या चौकटीत बर्फाने किती क्षेत्र भरलंय ते दर वेळी मोजतात. क्षेत्रातला फरक भागिले चौकटीची रुंदी, म्हणजे कड सरासरी किती सरली ते अंतर. म्हणून ‘कड अमुक किलोमीटर मागे सरली’ हे वाक्य नेमकं आहे, ‘हिममंचाने माघार घेतली’ हे ढोबळ. इथे ‘कड’च लिहावं, ‘कडा’ लिहिलं की तो उभा कडा की कडचं अनेकवचन, हा घोळ होतो.

सगळ्यात मोठी फसवणूक किनाऱ्याला धरून गोठलेल्या सागरी बर्फाची. उन्हाळ्यात वर ओल आली की रडारची लहर परत येत नाही, हिममंच आणि सागरी बर्फ दोन्ही सारखेच काळपट दिसतात आणि रेघ भलत्या जागी पडते. २००२मध्ये नाहीसा झालेला लार्सन-बी हिममंच जिथे होता त्या खाडीत २०११पासून असा बर्फ धरला आणि जानेवारी २०२२पर्यंत टिकला. नुसतं चित्र पाहिलं तर हिममंच परत आला असं वाटावं. परत काही आलं नव्हतं; उंची मोजली की पितळ उघडं पडतं.

लार्सन-बीचं जे झालं त्याला ‘माघार’ म्हणणं तर सरळ चूक. ३१ जानेवारी ते ७ मार्च २००२ या पाचेक आठवड्यांत सुमारे २२० मीटर जाडीचा ३,२५० चौरस किलोमीटर बर्फ गेला. टेरा उपग्रहाच्या चित्रांत आधी वितळलेल्या पाण्याची डबकी दिसतात, मग ते पाणी भेगांत पाचरीसारखं शिरतं आणि अखेर निळसर चुरा उरतो. याला ‘चुरा झाला’, ‘विखुरला’ म्हणा. मागच्या हेक्टोरिया, ग्रीन आणि इव्हान्स या हिमनद्यांचा वेग २००० ते २००३ या काळात आठपटीपर्यंत गेला. हिममंच मागच्या हिमनद्यांना अडवून धरत असतो. इंग्रजीत त्याच्या या कामाला बट्रेसिंग म्हणतात; आपल्याकडे कलत्या भिंतीला देतात तो ‘टेकू’ त्यासाठी पुरेसा आहे. तरंगता बर्फ वितळून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, त्याने पाणी आधीच सारलेलं असतं. पातळी वाढते ती टेकू गेल्यावर जमिनीवरून उतरणाऱ्या बर्फाने. ‘हिमनग वितळून शहरं बुडणार’ या वाक्यात म्हणूनच कर्ताच चुकलेला आहे.

दुसरी रेषा न दिसणारी. बर्फ तळाला टेकलेला असतो तिथून सुटून तरंगायला लागतो, ती ग्राउंडिंग लाइन. होडी वाळूला टेकते तेच इथे, म्हणून ‘टेकणरेषा’ सुचवतो. ती शोधायची युक्ती भरती-ओहोटीची. तरंगता भाग भरतीबरोबर वर-खाली होतो, टेकलेला होत नाही. रडारच्या दोन चित्रांतला लहरींचा फरक घ्यायचा, तसाच आणखी एका जोडीचा, आणि एकातून दुसरा वजा करायचा. बर्फाचं नेहमीचं सरकणं दोन्हींत सारखं म्हणून उडून जातं, भरतीची हालचाल तेवढी उरते. सेंटिनेल-१ची लहर साडेपाच सेंटिमीटरची, त्यामुळे चित्रातला एकेक रंगपट्टा उपग्रहाच्या दिशेने पावणेतीन सेंटिमीटरच्या फरकाचा. पट्टे जिथे दाटीवाटीने येतात तिथे बिजागरी, म्हणजे भरतीबरोबर बर्फ वाकतो ती जागा; टेकणरेषा तिथेच शोधायची. दोन्ही जोड्यांत भरतीचा फरक सारखाच असेल तर काहीच दिसत नाही. मधल्या १२ दिवसांत बर्फ पडला किंवा वर ओल आली तर लहरी जुळत नाहीत. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या रडार उपग्रहाची लहर २४ सेंटिमीटरची असल्याने अशा बदलांना ती कमी दबते. शिवाय भरतीबरोबर ही रेषा स्वतःही मागेपुढे होते, कुठे कुठे काही किलोमीटर. तेव्हा एका दिवसाच्या मापावरून ‘टेकणरेषा मागे हटली’ लिहू नये. इथे ‘मागे’ म्हणजे जमिनीकडे, हेही एकदा सांगून टाकावं.

तिसरी गोष्ट जाडी. तिथे ‘माघार’ लागूच नाही, तरी बातम्यांत हेही त्याच पोत्यात जातं. आइससॅट-२ हा उपग्रह लेझरने पृष्ठभागाची उंची मोजतो. बर्फ तरंगता असल्यामुळे पाण्यावरची उंची सुमारे नऊने गुणली की जाडी येते. गुणाकार चुकांचाही होतो : भरतीच्या अंदाजात अर्धा मीटर चुकला की जाडीत साडेचार. वरच्या भुसभुशीत बर्फातली हवा वजा केली नाही तर तीही नऊपट. म्हणून क्रियापदं जपून. उपग्रहाला दिसतं ते ‘पृष्ठभाग खाली गेला’. भरती, हवा, नवा बर्फ यांचा हिशेब केल्यावर म्हणता येतं ‘पातळ झाला’. ‘झिजला’ म्हटलं की खालून तुलनेने उबदार पाण्याने खाल्ला असा दावा आला, त्याला समुद्रातली मापं लागतात. सहाण झिजते, घडी बसून खाली गेलेली गादी झिजत नाही.

राहिलं काल्व्हिंग, म्हणजे कडेचा तुकडा तुटून वेगळा होणं. इंग्रजीत गाय वितानाचाच तो शब्द आहे, म्हणून काहीजण ‘हिमनदी व्याली’ किंवा ‘प्रसवली’ लिहितात. गोठ्यात ठीक. ‘कोसळला’ म्हटलं की मराठी माणसाला दरड आठवते. हिमनदीच्या उभ्या मुखावरून बर्फ पडतो तिथे ते बरोबर, पण ए-६८सारखा सपाट तुकडा कुठे पडत नाही, आहे त्या पातळीवर विलग होतो. दोर सुटलेल्या पडावासारखा तो ‘सुटतो’.

तुमचा मथळा, बातमी डी-२८सारखी असेल तर : ‘हिममंचातून मोठा हिमनग सुटला’. खरीच माघार असेल तर : ‘हिममंचाची कड वीस वर्षांत अमुक किलोमीटर मागे सरली, उपग्रहांची नोंद’. चार-पाच शब्द वाढतात, एका स्तंभात बसतात.