पाळकाने जवळचे मित्र कसे निवडावेत?

प्रश्न : प्रभूच्या नावात सलाम. मी सहा वर्षांपासून एका मंडळीचा (चर्चचा) पाळक, म्हणजे पास्टर आहे. मंडळीतील एक सभासद माझ्या प्रत्येक निर्णयाला पाठिंबा देतात आणि माझा बराचसा मोकळा वेळ त्यांच्याच सहवासात जातो. इतरांना आता यात पक्षपात दिसू लागला आहे. पाळकाने जवळचे मित्र करावेत का?

उत्तर : पाळकबंधू, अवश्य करावेत. आपल्या बारा प्रेषितांना निवडण्यापूर्वी प्रभू येशूने डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली (लूक ६:१२-१३) आणि त्या बारांतूनही पेत्र, याकोब व योहान यांनाच याईराच्या मृत मुलीला उठवताना त्याच्या घरात, डोंगरावर स्वतःचे रूप तेजस्वी झाले त्या रूपांतराच्या वेळी आणि अटकेच्या रात्री प्रार्थनेसाठी गेथशेमाने बागेत अधिक जवळ नेले. मात्र याच याकोब व योहानाने येशूच्या गौरवात त्याच्या उजव्या-डाव्या हाताची आसने मागितली, तेव्हा ती त्यांना मिळाली नाहीत (मार्क १०:३५-४०). तेव्हा या सभासदांशी मैत्री ठेवा, परंतु ती मंडळीतील नेमणुकांच्या आणि पैशांच्या निर्णयांत येऊ देऊ नका.

मला काळजी वाटते ती त्या 'प्रत्येक निर्णयाला' या शब्दांची. दावीद राजाचा पुत्र अम्नोन याचा मित्र योनादाब मोठा चतुर होता. राजपुत्राच्या मनातील पाप ओळखूनही त्याने त्याला आवरले नाही, उलट युक्ती सुचवली, आणि त्यातून अम्नोनाची सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार झाला (२ शमुवेल १३). याउलट दाविदाचा मित्र योनाथान हा तेव्हाच्या शौल राजाचा पुत्र, म्हणजे दावीद राजा झाल्यास सिंहासन त्याच्याच हातून जाणार होते. तरीही दावीद जीवाच्या भीतीने रानात लपलेला असताना तो त्याच्याकडे गेला आणि देवाच्या ठायी त्याने त्याला धीर दिला (१ शमुवेल २३:१६). मित्र पारखताना मी हेच पाहतो, की आपल्या पदापासून त्याला काय मिळते आणि ते पद उद्या गेले तर तो येईल का.

या सभासदांना एकाएकी दूर करू नका, तो त्यांच्यावर अन्याय होईल. कदाचित आदरापोटीच ते गप्प राहत असतील. तुमचा एखादा चुकलेला निर्णय स्वतःहून त्यांच्यापुढे मांडा, खरे मत विचारा आणि ते कटू असले तरी शांतपणे ऐकून घ्या. सभासदांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी मात्र त्यांनाही कळता कामा नयेत. याशिवाय मंडळीबाहेरचा, शक्यतो वयाने मोठा असा एखादा पाळक शोधा, ज्याला तुमच्याकडून काहीच नको आहे, आणि महिन्यातून एकदा तरी त्याच्यापाशी मन मोकळे करा.