पुण्याहून बंगळुरूला कार ट्रान्सपोर्टने पाठवायची तर नेमकं काय काय होतं?

तुम्ही विचारलंय की बदली झालीय, हॅचबॅक आहे, स्वतः चालवत न्यायला सुट्टी नाही, तर कंपनीला दिली तर कसं असतं आणि रेल्वेने जाते का. मी दोनदा पाठवलीय, २०१९ ला पुणे ते बंगळुरू आणि २०२२ ला परत. पहिल्यांदा मनस्ताप झाला, दुसऱ्यांदा नीट आली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी हे कळू द्या की फोनवर बोलणाऱ्याकडे बऱ्याचदा स्वतःचा एकही ट्रक नसतो. नेटवर चौकशी टाकली की अर्ध्या तासात सात-आठ फोन येतात, त्यातले बरेच एजंट, ते बुकिंग घेतात आणि गाडी पुढे ज्याच्या ट्रेलरवर जागा असेल त्याच्याकडे देतात. एजंट असणं वाईट नाही, पण काही झालं की हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो ह्याच्याकडे. म्हणून भाव विचारायच्या आधी हे विचारा की गाडी कुणाच्या कंटेनरमधून जाणार आणि बिल्टी, म्हणजे गाडी वाहतुकीला दिल्याची पावती, कुणाच्या नावाने फाटणार. आणि त्यांचा यार्ड बघायला जा, खरंच जा. मोठ्या कंपन्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन बसलेले लोक आहेत, गाडी ताब्यात आली की वाटेत जास्तीचे पैसे मागतात आणि तोवर गाडी सोडत नाहीत.

भाव म्हणाल तर मला २०२२ मध्ये त्याच गाडीला ९ हजारापासून १७ हजारापर्यंत सांगितले होते. सगळ्यात कमीवाल्याला खोदून विचारलं तर दारातून उचलणं, विमा, जीएसटी काहीच त्यात नव्हतं.

प्रत्यक्षात होतं असं की कंटेनर सोसायटीच्या गेटपर्यंत येत नाही, एवढ्या लांब गाडीला शहरात दिवसा बंदी असते आणि गल्लीत वळायलाही जागा नसते. मग त्यांचा ड्रायव्हर येऊन तुमची गाडी चालवत शहराबाहेरच्या यार्डात नेतो, किंवा जास्त पैसे दिले तर फ्लॅटबेडवरून, म्हणजे सपाट उघड्या ट्रकवर चढवून नेतात. तिथे सहा-आठ गाड्यांचं लोड पूर्ण होईपर्यंत ती उभी. हेच कुणी सांगत नाही! पुणे-बंगळुरू साधारण ८४० किलोमीटर, ट्रक एकदा निघाला की दोन-तीन दिवसांत पोचतो, पण माझी गाडी पहिल्यांदा सहा दिवस नुसती यार्डात होती आणि रोज फोनवर उत्तर एकच, आज रात्री निघतेय. त्यामुळे किती दिवसांत पोचेल हे विचारू नका, ट्रक कधी सुटणार ते विचारा आणि व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

गाडी देताना ड्रायव्हरसमोर चारी बाजूंनी, टप, चाकं, काच, डिकी, सगळ्याचा व्हिडिओ काढा, आणि मीटरचा फोटो न विसरता. मी काढला नव्हता. गाडी आली ती पुढच्या बंपरला चीर घेऊन आणि मीटरवर माझ्या अंदाजापेक्षा ऐंशीएक किलोमीटर जास्त. त्यात डिलिव्हरी रात्री साडेदहाला पावसात झाली, ड्रायव्हर घाई करत होता, मी कागदावर सही करून टाकली. त्यावर छापलेलंच होतं की माल सुस्थितीत मिळाला. दुसऱ्या दिवशी उजेडात चीर दिसली, कंपनीने ती सही दाखवली, संपलं. आता मी उजेड असल्याशिवाय डिलिव्हरीच घेत नाही, आणि ओरखडा दिसला तर आधी त्याच कागदावर हाताने लिहायचं आणि मग सही.

विम्याबद्दल गैरसमज फार आहेत. तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी नसेल, ओन डॅमेजवाली, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी असेल, तर रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना झालेलं नुकसान त्यात बसतं, फक्त क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. ट्रान्सपोर्टवाला ट्रान्झिट विमा, म्हणजे वाटेतल्या प्रवासापुरता विमा देत असेल तर त्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, विमा कंपनीचं सर्टिफिकेट मागा. आणि बुकिंगच्या कागदावर गाडीची खरी किंमत लिहायलाच लावा, कारण जास्त किंमत जाहीर केली नसेल तर कायद्याने वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, म्हणजे १० हजार भाडं असेल तर १ लाख. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते.

सोबत आरसी, विमा, पीयूसीच्या झेरॉक्स द्यायच्या, ओरिजिनल नाही. चावी एकच. पेट्रोल पाव टाकी पुरतं. डिकीत घरचं सामान कोंबू नका, त्याचा विमा नसतो आणि गेलं तर कुणी ऐकून घेत नाही. फास्टॅगवरही लक्ष ठेवा, यार्डात नेताना टोल लागला तर तुमच्याच खात्यातून कटतो.

रेल्वेचं म्हणाल तर बाइक पार्सलने जाते, पण एकट्या माणसाची कार सहसा तशी जात नाही. कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा कार रो-रो, म्हणजे कार रेल्वेच्या वॅगनवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली, तेव्हा कारला ७८७५ रुपये होते, पण ती गोव्याच्या मार्गावर, तुमच्या उपयोगाची नाही.

आणि बंगळुरूला वर्षाच्या वर राहणार असाल तर गाडी पाठवायच्या आधीच पुणे आरटीओतून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला काढा. १२ महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. गाडीवर लोन असेल तर आधी बँकेचं पत्र लागतं आणि त्यालाच जास्त वेळ जातो, उद्याच अर्ज टाका.