कॉमिक्स काढणाऱ्या चित्रकाराचा दिवस कसा जातो? आणि चित्रंच काढायची तर वाचायची गरज काय?

प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि ब्रश खाली ठेवला. हेच वाक्य आमचा दादा गेली वीस वर्षं मला ऐकवतोय, तेही सांगलीत येऊन, माझ्याच घरचं भडंग खात. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

दिवसाचं आधी उरकतो. सकाळी सहा ते दहा पेन्सिल, कारण तेव्हा फोन वाजत नाही. जेवणानंतर शाई. संध्याकाळी स्कॅन, रंग आणि अडकलेल्या पैशांसाठी फोनाफोनी. पानात पाच-सहा चौकटी, कागद छापील पानाच्या दीडपट. सगळं जमून आलं तर दीड दिवसात एक पान. संवादाच्या फुग्यांची जागा मी चित्राच्या आधी आखतो. मराठीत वर रफार-वेलांट्या, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने फुगा काढला की ओळी एकमेकींवर चढतात. नवी मुलं हमखास इथंच आपटतात.

आता वाचन. कॉमिक्स मी जेवताना वाचतो. कामाचं वाचन वेगळं, आणि ते एका बैलामुळे सुरू झालं.

दहा-बारा वर्षांपूर्वी एक ऐतिहासिक कॉमिक हातात होतं. तिसऱ्या पानावर गडाकडे धान्य नेणारी बैलगाडी. नेटवर एक चित्र सापडलं, ते समोर ठेवून झकास गाडी काढली. धूळ, सावल्या, चाकाची लोखंडी धावसुद्धा. पुस्तक छापून आल्यावर कौतुकाने तासगावला सासऱ्यांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावला, ते पान बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "जावईबापू, जू वशिंडाच्या मागं घातलंय व्हय? मग ह्यो बैल वडणार कशानं?"

जू वशिंडाच्या, म्हणजे बैलाच्या पाठीवरच्या उंचवट्याच्या पुढे, मानेवर असतं. बैल वशिंडाने रेटा देतो तेव्हा गाडी हलते. जू सरकू नये म्हणून मानेच्या बाजूला शिवळ, म्हणजे जुवातली खुंटी असते, मानेखालून पट्टा असतो. माझ्या बैलांना यातलं काहीच नव्हतं, नुसते गाडीपुढे उभे होते बिचारे. लाज याची वाटली की दर हिवाळ्यात ऊसतोडीच्या शेकडो बैलगाड्या मी रस्त्यावर बघतो. बघतो म्हणजे काय, गाडी आडवी आली की हॉर्न वाजवतो.

तेव्हापासून नगर वाचनालयात बसायला लागलो. शेतीची अवजारं, गावगाडा, जुनी गॅझेटियर (जिल्ह्यांची सरकारी माहितीपुस्तकं), आणि सगळ्यात जास्त आत्मचरित्रं. कंदील कुठं टांगलेला असायचा, आई चुलीपुढं कशी बसायची, हे माणूस आत्मचरित्रात सहज लिहून जातो. ते मी वहीत टिपतो: पान नंबर, वस्तू, शेजारी नखाएवढं चित्र. अशा अकरा वह्या झाल्या. दादा म्हणतो, नेटवर सगळं मिळतं. मिळतं की. ते जूही नेटवरच मिळालं होतं.

आणि हे म्हणणारा कोण, तर इंद्रजाल कॉमिक्समधला बुरखाधारी नायक वेताळ भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचणारा माणूस. १९९० साली इंद्रजाल बंद पडलं तेव्हा घरात सुतक पाळलं होतं त्यानं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या इर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या तळमजल्यात शिरलं, तेव्हा पुण्याहून याचा पहिला प्रश्न, "माझे वेताळ वर नेलेस का?" आईची चौकशी त्यानंतर. वेताळ माळ्यावर कोरडे राहिले. माझ्या चार वह्या भिजल्या, शाई उतरून पानं निळी झाली. वाचनालयाचीही हजारो पुस्तकं त्या पुरात गेली.

तुम्हाला या कामात यायचं असेल तर नुसती कॉमिक्स वाचून कॉमिक्स काढू नका, हात दुसऱ्याचा होतो. आज एक काम येतं, उद्या भलतंच. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेत शिवाजी महाराज काढले आणि १९८६ साली आलेला कॉमिक्समधला सुपरहिरो नागराजही काढला. पागोटं कसं बांधतात ते नागराज वाचून कळत नाही.

एक मात्र सांगायला हवं. काम द्यायची तारीख डोक्यावर असली की मीही वाचत नाही, नेटवरूनच उचलतो. आणि घर काही एकट्या कॉमिक्सवर चालत नाही. मुलांची पुस्तकं, दिवाळी अंकांतली रेखाटनं, अडल्या वेळी लग्नपत्रिकासुद्धा करतो. त्यामुळे माझं सगळंच मनावर घेऊ नका.

वेताळाचं खोकं अजून आमच्याच माळ्यावर आहे. गेल्या दिवाळीत दादाला म्हटलं, घेऊन जा एकदाचं. म्हणाला, "राहू दे, तुला बघायला होतील." वाचायला नाही म्हणाला.