जुनी विंडोज नव्या डिस्कवर

प्रश्न: दादा, लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागतो की तोवर चहा होऊन जातो. जुनी डिस्क ५०० जीबीची, जेल रोडवरून ४८० जीबीची एसएसडी आणलीय. विंडोज परत टाकायची नाहीये, दुकानाचे हिशोब त्यातच आहेत. आहे तशीच नेता येईल? – एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर: येईल ताई, पण आधी ती डिस्क बदलून ५१२ जीबीची आणा! क्लोनझिला, म्हणजे डिस्कची हुबेहूब कॉपी (क्लोन) करणारं सॉफ्टवेअर, नेहमीच्या सेटिंगमध्ये लहान डिस्कवर कॉपी करतच नाही, आत डेटा निम्मा असला तरी. मग हिशोबांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, हे टाळू नकाच. नवी डिस्क साटा-यूएसबी केबलने जोडा आणि पूर्ण डिस्क क्लोन करा, नुसता सी ड्राइव्ह नाही, कारण एक छोटंसं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) लपलेलं असतं, लॅपटॉप विंडोज सुरू करायला आधी तेच शोधतो, ते राहिलं की विंडोज उघडणारच नाही. कुठून कुठे कॉपी होतेय ते नाव आणि साइज बघून दोनदा तपासा, उलटं झालं तर सगळे हिशोब पुसले जातील. झालं की जुनी काढून नवी बसवा, मगच चालू करा. आणि जुनी महिनाभर तशीच कपाटात राहू द्या.