‘द एक्सपान्स’: सिरीसवरचं पाणी आणि एपस्टाइनचा हात

तुमचे मुख्य आक्षेप दोन आहेत. पहिला, ‘द एक्सपान्स’ या विज्ञानकथा मालिकेत सिरीसवर (मंगळ आणि गुरूच्या मधल्या बटुग्रहावर) पाण्यासाठी दंगली होतात, पण नासाच्या डॉन यानाने तर तिथे भरपूर बर्फ असल्याचं दाखवून दिलंय. दुसरा, एवढी ढोबळ चूक असलेल्या मालिकेला लोक ‘विज्ञानाला धरून’ का म्हणतात. पहिला मला पूर्ण मान्य आहे, दुसरा अजिबात नाही. सहाही सीझन मी तीनदा पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे बरेच मृत्यू येणार आहेत.

लेखकांना बर्फ माहीत होता. पहिल्याच भागात सिरीसवरचा एक आंदोलक गर्दीला सांगतो की सिरीस एकेकाळी बर्फाने झाकलेला होता, हजार पिढ्यांना पुरेल एवढं पाणी होतं, आणि पृथ्वी-मंगळाने ते ओरबाडून नेलं. घोळ प्रमाणात आहे. सिरीसच्या वस्तुमानाचा साधारण पाव भाग पाणी असावं असा अंदाज आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या गोड्या पाण्याहून ते कितीतरी जास्त भरतं. एवढं पाणी दोनशे-तीनशे वर्षांत उपसून होणार नाही.

तुमच्या यादीत मी आणखी एक भर घालतो. मालिकेत सिरीसला गरगर फिरवून आत पृथ्वीच्या ०.३ पट गुरुत्व तयार केलंय. सिरीसचा व्यास साधारण ९४० किलोमीटर, त्यामुळे त्यासाठी त्याला सुमारे ४१ मिनिटांत एक फेरी पूर्ण करावी लागेल (प्रत्यक्षात ९ तास लागतात). हा बाहेर फेकणारा जोर सिरीसच्या स्वतःच्या गुरुत्वाच्या दहापट होतो. दगड-माती जागेवर राहणारच नाही, अख्खा बटुग्रह उधळेल. आणि सिरीसवरचा पोलीस मिलर ग्लासात दारू ओततो तेव्हा धार वाकडी पडते, तो प्रसिद्ध शॉट? कागद-पेन घेऊन बसलो होतो. एवढ्या संथ फेरीत ती धार मिलीमीटरभरसुद्धा सरकणार नाही. ती वाकलेली धार एखाद्या लहानशा, वेगाने फिरणाऱ्या ड्रममध्ये शोभली असती.

एवढं मान्य करूनही मी या मालिकेच्या बाजूने उभा आहे. माझ्या मते कल्पित जगाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: जी थाप तुम्ही आम्हाला पचवायला लावली, तिची किंमत तुमच्या पात्रांकडून दरवेळी वसूल करता का?

इथली मोठी थाप म्हणजे एपस्टाइन इंजिन. जवळजवळ न संपणाऱ्या इंधनावर दिवसेंदिवस जोर लावणारं. ०.३३ जी ने (पृथ्वीच्या गुरुत्वाच्या एक तृतीयांश जोराने) अर्धा रस्ता वेग वाढवत गेलात आणि मध्यावर जहाज उलटं फिरवून उरलेला अर्धा वेग कमी करत गेलात, तर पृथ्वी-सूर्याएवढं अंतर ५ दिवसांत कापता येतं. मध्यावर वेग सेकंदाला ७०० किलोमीटर. सगळं राजकारण, सगळा व्यापार या एका यंत्रावर उभा आहे.

आता किंमत बघा. दुसऱ्या सीझनमध्ये हे इंजिन बनवणारा सॉलोमन एपस्टाइन पहिल्या चाचणीला एकटाच निघतो. इंजिन अपेक्षेपेक्षा फार जास्त जोर लावतं आणि तो खुर्चीत दाबला जातो. बंद करायचं बटण समोर आहे, हात उचलत नाही. कॅमेरा त्या हातावर थांबतो. ज्या शोधाने माणसाला सूर्यमाला मिळाली, त्या शोधकर्त्याला स्वतःचा हात वीतभर हलवता येत नाही, आणि यान त्याला घेऊन कायमचं निघून जातं.

तो हात मालिका पुढे विसरत नाही. जोरात पळायचं तर तो दाब सोसायला खुर्चीतून इंजेक्शन टोचून घ्यावं लागतं. तिसऱ्या सीझनमध्ये मॅनेओ नावाचा पोरगा शर्यतीचं यान घेऊन रिंगमध्ये, म्हणजे परग्रहींच्या तंत्राने बनलेल्या अवकाशातल्या दारात, घुसतो, यान क्षणात थांबवलं जातं, तो थांबत नाही. नंतर तेच शेकडो माणसांच्या बाबतीत होतं. जखमी झालेल्यांच्या शरीरात रक्त साचून राहतं, कारण वजनरहित अवस्थेत जखमेचा निचरा होत नाही. मग बेहेमथ या महाकाय जहाजाचा अजस्र ड्रम फिरवून गुरुत्व तयार करायचा निर्णय होतो, शत्रूच्या जखमींनाही तिथे बोलावलं जातं, आणि पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रह पट्टा अशा तीन बाजूंची माणसं एका छताखाली येतात. कथेचं एवढं मोठं वळण रक्त खाली वाहायला हवं या एका गरजेतून आलंय. पटकथा म्हणून मला हे फार मोठं वाटतं.

पाचव्या सीझनच्या शेवटी नायकांच्या रोसिनान्टे जहाजाचा पायलट ॲलेक्स जातो, तोही झपाट्याने वेग बदलण्याच्या ताणाने आलेल्या स्ट्रोकने. पडद्यामागच्या कारणाने ते पात्र संपवावं लागलं होतं, आणि मालिका ज्यांवर बेतली आहे त्या कादंबऱ्यांत असा मृत्यू फ्रेड जॉन्सन या दुसऱ्या पात्राच्या वाट्याला येतो. पण घाईच्या वेळीही लेखकांनी हात घातला तो आपल्याच जुन्या नियमात, म्हणून तो मृत्यू उपरा वाटत नाही.

‘मग इरॉस हा लघुग्रह आपणहून कोणत्या नियमाने पळतो?’ असंही तुम्ही विचारलंय. कोणत्याच नाही. पण तो हलतो तेव्हा रोसिनान्टेवरचे सगळे तुमच्या-माझ्याइतकेच हादरतात. पाठलाग करताना त्यांची हाडं मोडायची वेळ येते आणि आत बसलेल्या मिलरला साधा धक्काही जाणवत नाही. नियम मोडलाय हे पात्रांनाच आधी कळतं, म्हणून मी त्याला गफलत म्हणत नाही.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे, आणि ती पाण्यापेक्षा मोठी आहे. एवढ्या ताकदीच्या इंजिनाची उष्णता जाते कुठे? अवकाशात हवा नाही, त्यामुळे उष्णता प्रारणानेच बाहेर टाकावी लागते, त्यासाठी जहाजाला प्रचंड पसरट पंख हवेत. रोसिनान्टेला ते नाहीत. ही किंमत मालिकेने कधीच वसूल केली नाही, आणि त्यात नाट्याचंच नुकसान झालं. पंख असते तर लढाईआधी ते मिटावे लागले असते, आणि मिटल्यावर आतली माणसं भाजून निघण्याआधी किती मिनिटं लढता येईल, हे घड्याळ प्रत्येक लढाईत चालू राहिलं असतं.