मत नको, प्रसंग विचारा
बसप्रवासाचे ॲप तयार करण्याआधी प्रवाशांची मुलाखत घ्यायला जाताना ‘तुम्हाला ॲपमध्ये काय हवे?’ हा प्रश्न टाळा, कारण माणसे त्याला सौजन्यापोटी काहीतरी उत्तर देतात आणि खरी गरज कळत नाही. त्याऐवजी पुण्यातील स्वारगेटच्या थांब्यावरील प्रवाशाला ‘काल हडपसरला जाताना काय घडले, ते घरातून निघाल्यापासून सांगा’ अशी विनंती करा. मग सुट्ट्या पैशांची अडचण, शेजाऱ्याला विचारलेला बसचा क्रमांक, उशीर होणार म्हणून घरी केलेला फोन, असे आपल्या प्रश्नावलीत नसलेले तपशील बाहेर येतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली निर्णायक प्रसंगांची पद्धतही प्रत्यक्ष घडलेल्या घटनांवरच आधारलेली आहे. सांगणारा थांबला, तरी घाईने पुढचा प्रश्न विचारू नका. मला सर्वांत मोलाचे असे त्या शांततेनंतरच ऐकायला मिळाले आहे. टिपण मात्र सांगणाऱ्याच्याच शब्दांत घ्या.